नीरेच्या काठी त्रेसष्ट जण

गेल्या दिवाळीत अंगणातला किल्ला मोडण्याची वेळ आली, तेव्हा आमच्या नातवाने मला एक प्रश्न विचारला. किल्ला दरवर्षीसारखाच होता. विटांच्या तुकड्यांवर पोते, पोत्यावर चिखल, चिखलात पेरलेल्या मोहरीचे कोवळे रान, बालेकिल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज आणि उतारावर बाजारातून आणलेले मावळे. पायथ्याशी भाजीवाली आणि तिच्या शेजारी, कोणालाही त्रास न देणारा, एक वाघ. नातू म्हणाला, "आजोबा, महाराज उभे राहिले तर या दरवाजातून आत कसे जातील?" दरवाजा खरोखरच महाराजांच्या गुडघ्याएवढा होता, आणि वाघ भाजीवालीच्या मांजराएवढा.

मुलांच्या किल्ल्यात माणसाची उंची त्याच्या मोठेपणावर ठरते, हे उत्तर मला नंतर सुचले आणि ते काही वाईट नाही. परंतु ज्याने उभा जन्म बँकेत तेरीज जुळवण्यात घालवला, त्याला असा प्रश्न झोपू देत नाही. शेवटी आजोबा-नातवाने ठरवले की एक असा देखावा करायचा, ज्यात माणूस, घोडा, झाड आणि भांडे या सर्वांचे माप एकच असेल, आणि जे जे दाखवू त्याला आधार असेल. नातवाचे मत प्रतापगडाच्या युद्धाला होते. मी म्हटले, आपल्या घरापासून जवळची, तू आणि मी दोघांनी पाहिलेली जागा घेऊ. जागा ठरली नीरेचा काठ. प्रसंग, ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांचे नीरास्नान. काळ, साधारण १८३२.

हे वर्ष का, ते सांगतो. आज आपण जो पालखी सोहळा पाहतो, त्याला सध्याचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकर यांनी, १८३२ च्या सुमारास. हैबतबाबा आपल्याच सातारा जिल्ह्यातील आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदारी केलेला हा माणूस पुढे आळंदीला माउलींच्या चरणी राहिला. घोडे आणि इतर सरंजाम त्यांना अंकलीच्या शितोळे सरकारांकडून मिळाला; आजही माउलींचे अश्व अंकलीहूनच येतात. साताऱ्याच्या गादीवर तेव्हा छत्रपती प्रतापसिंह महाराज होते आणि १८१९ च्या तहाने त्यांच्या राज्याची उत्तर हद्द नीरा ठरली होती. म्हणजे त्या वर्षी नीरा ओलांडणारा वारकरी कंपनीच्या मुलखातून छत्रपतींच्या मुलखात पाऊल टाकत होता. आज तोच काठ पुणे आणि सातारा जिल्ह्यांची सीमा आहे आणि पालखीचा पुढचा मुक्काम आमच्या लोणंदचा.

मापाचे म्हणाल तर ५४ मिलिमीटर उंचीचा माणूस घेतला, सव्वादोन इंचांहून किंचित कमी. हे माप आमचे नव्हे. १८९३ मध्ये इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन यांनी धातूचे सैनिक पोकळ ओतण्याची रीत काढली, खेळणे हलके आणि स्वस्त झाले, आणि त्यांच्या सैनिकांची उंची पुढे जगभरच्या छंदिष्टांचे प्रमाण होऊन बसली. या हिशेबात खरी वस्तू साधारण बत्तीस पट मोठी असते. तीन फूट बाय दोन फूट प्लायवुडवर नदीकाठची शहाण्णव फूट लांब आणि चौसष्ट फूट रुंद जागा मावते. बारा फुटी दांडीची पालखी साडेचार इंचांची होते. बाजारात मिळालेला घोडा या मापात हत्तीएवढा निघाला, तो परत केला. आपल्या भीमा-नीरेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा मुळात लहान चणीचा. त्याचा खांदा दीड इंचाच्या थोडा वर यायला हवा. तो तारेच्या सांगाड्यावर पुटीने स्वतःच घडवावा लागला. पहिला घोडा गाढवासारखा झाला, दुसराही फारसा वेगळा नव्हता. तिसरा ठेवला आहे.

माणसेही अशीच घडली: तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर दोन भाग मळून एकत्र करायची पुटी, ओली असतानाच दाभणाने पाडलेल्या धोतराच्या चुण्या. एकूण त्रेसष्ट. आकडा मुद्दाम ठरवलेला नव्हता, पण तो ऐकून आपल्या वाचकांना शलाकापुरुष आठवतील याची कल्पना आहे. आपल्या परंपरेला असे देखावे नवे नाहीत म्हणा; अजमेरला सोनीजींच्या नसियाँत ज्यांनी सुवर्णनगरी पाहिली असेल, त्यांना माझे प्लायवुड दाखवण्याची मला लाजच वाटेल. एक गोष्ट मात्र इथे सांगतो. या छंदातले जाणते लोक प्राण्यांच्या केसांचे ब्रश वापरतात, कारण त्यांचे टोक सुईसारखे राहते. मी कृत्रिम धाग्यांचेच वापरले. टोक लवकर वाकडे होते, महिन्याला दोन ब्रश वाया जातात. तो खर्च मी आनंदाने नावे टाकला. चिकटवायलाही सरस घेतला नाही.

माघ महिन्यापर्यंत चाळीस वारकरी तयार झाले होते. एका रात्री त्यांच्याकडे पाहत असताना माझ्या लक्षात आले की चाळिसांपैकी एकतीस जणांच्या डोक्यावर मी पांढरी टोपी घातली आहे. गांधी टोपी! ती सर्वसामान्यांच्या डोक्यावर आली १९२० च्या आसपास. माझे वारकरी जवळजवळ नव्वद वर्षे आधीच असहकारात सामील झाले होते. आपण वारकरी म्हटले की डोळ्यांसमोर जे चित्र येते, ते आपल्या आजोबांच्या काळाहून फारसे जुने नसते. आपण मात्र ते सनातन समजतो. एकतीस टोप्या कानशीने घासून काढल्या आणि पुटीच्या बारीक वळ्या करून मुंडाशी बांधली. सौ. म्हणाल्या, "बँकेत कोणाच्या चुकीच्या नोंदीला इतक्या प्रेमाने दुरुस्त केलं नसेल तुम्ही."

त्यानंतर मी प्रत्येक वस्तूला व्हाउचर मागू लागलो आणि देखाव्यातून एकेक गोष्ट गळू लागली. पेटी गेली, कारण हार्मोनियमचे पेटंटच पॅरिसमध्ये १८४२ चे. राहिले टाळ, मृदंग आणि वीणा. चांदीचा रथ गेला, पालखी खांद्यावर आली. अॅल्युमिनियमच्या चकाकीचे रंग पुसून तांबे आणि पितळ आले. डोक्यावरचे प्लास्टिकचे कागद गेले आणि त्यांच्या जागी घोंगडीच्या खोळी आल्या. घोंगडी रंगवताना काळा रंग वापरू नये, हे मी तीन घोंगड्या वाया घालवून शिकलो. सव्वादोन इंचांच्या माणसावर निव्वळ काळा रंग भोकासारखा दिसतो. गडद तपकिरी द्यावा, तो वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशाने करडा रंग वरवर फिरवावा. मग लोकर दिसू लागते. पांढऱ्याचेही तेच. हातमागाचे न धुवलेले सूत शुभ्र नसते. आणि डोळ्यांत शुभ्र पांढरा भरला, तर भजन म्हणणारा माणूस भूत पाहिल्यासारखा दिसतो. एक बारीक गडद रेघ ओढावी आणि थांबावे.

स्त्रियांच्या लुगड्यांनी मला सर्वांत जास्त शिकवले. नातीने हौसेने दोन लुगडी झगझगीत जांभळी रंगवली होती. दिसत होती फार सुरेख. परंतु १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातून डांबरापासून पहिला कृत्रिम रंग निघाला आणि तो नेमका जांभळाच होता. त्याच्या आधीच्या नीरेकाठी तो कुठून येणार? तेव्हा निळा होता नीळेचा, तांबडा आलाच्या मुळांचा, गुलाबी कुसुंब्याच्या फुलांचा, पिवळा हळदीचा, आणि यांतले शेवटचे दोन उन्हात नि पाण्यात विटणारे. म्हणून आमच्या देखाव्यात नवे लुगडे एकच आहे. बाकी सगळी विटलेली. नात दोन दिवस बोलली नाही. मग तिनेच निळ्यात राख मिसळून विटका रंग तयार केला, जो मला काही केल्या साधत नव्हता.

नदीही बदलली. आम्ही ती आधी निळी केली होती. पण भाटघरचे जुने धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वीर विसाव्यातले. १८३२ च्या आषाढातली नीरा अडवायला वर कोणी नव्हते. ती तांबूस, गढूळ आणि ओढीची असणार. काठावरची वेडी बाभूळही उपटली. ती परदेशातून नंतर आलेली. तिथे आता साधी बाभूळ, लिंब आणि एक उंबर आहे. घाटाच्या पायऱ्या दाखवल्या नाहीत, उतरता काठ ठेवला. त्याच्यासाठी माती आणली ती नीरेच्याच काठची, चाळून, वाळवून.

मध्यभागी हैबतबाबा. इथे माझा हात थांबला. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये, आणि कल्पनेने चेहरा देणे म्हणजे व्हाउचरशिवाय सर्वांत मोठी रक्कम खर्ची टाकणे. पंधरा दिवस ती आकृती बिनचेहऱ्याची कपाटात पडून होती. शेवटी मी त्यांना पालखीकडे तोंड करून, पाहणाऱ्याकडे पाठ करून उभे केले. मला तो उपाय फार पसंत पडला आणि मी तो बऱ्याच लोकांना सांगितला.

पाहायला येणाऱ्यांची प्रतिक्रिया मात्र थंड होती. "रथ कुठे आहे?" "टोप्या का नाहीत?" "जरा उदासच वाटतं, नाही?" मी प्रत्येकाला पर्किन आणि गांधी टोपी समजावून सांगत असे. ते मान डोलावून चहा घेत आणि जात.

ज्येष्ठात, आळंदीला निघण्यापूर्वी, शेजारच्या गावचे एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे आले. पीककर्जाच्या निमित्ताने झालेली ही तीस वर्षांपूर्वीची ओळख. वारी त्यांनी कधी चुकवलेली नाही. मी काच बाजूला केली. त्यांनी आधी पालखीला हात जोडले, मग खाली वाकून बराच वेळ पाहिले. टोप्यांबद्दल विचारले नाही, रथाबद्दल नाही. म्हणाले, "साहेब, समदं झ्याक हाय. पर ह्यांचं पाय कुणी धुतलं?"

मी पाहिले. त्रेसष्ट माणसे आळंदीहून आठवडाभर पावसाचिखलातून चालत आलेली, आणि एकूणएक पाय शाळेच्या पहिल्या दिवशीच्या मुलासारखे स्वच्छ.

"पायाला चिखुल न्हाई, भेग न्हाई," ते म्हणाले. "हुबी केल्याली माणसं हायती ही. चालल्याली न्हाईत."

वाचकहो, मला त्या क्षणी जे वाटले ते चुकीची दुरुस्ती सुचवल्यावर वाटते तसे नव्हते. आमचे वडील लोणंदच्या पेठेत किराणा दुकान चालवत. कांद्याच्या बाजारपेठेत राहून कांदा न खाणारे आमचे घर. गावाला त्याची गंमत वाटे, पण पालखीच्या मुक्कामाला आमच्या ओट्यावर जागा उरत नसे. आपले साधू-साध्वी जीवदयेसाठी चातुर्मासात पाय थांबवतात त्याच सुमारास हे लोक चालत असतात. त्याबद्दल विचारले तर वडील एवढेच म्हणत, "त्यांचं त्यांना माहीत, आपल्याकडे तेल आहे." रात्री दुकान बंद झाले की करडईच्या तेलाची बरणी घेऊन ते ओट्यावर बसत आणि समोर येईल त्या पायाला तेल लावत. मी सात-आठ वर्षांचा असेन, कंदील धरायचे काम माझे. ते पाय मला आजही दिसतात: पांढुरके पडून सुरकुतलेले तळवे, बोटांच्या बेचक्यांत काळी माती, टाचांच्या भेगांत तेल शिरले की आखडणारी बोटे. पर्किनसाठी मी पुस्तके चाळली, तहासाठी गॅझेटियर उघडले. आणि जे कंदील धरून रात्र रात्र पाहिले होते, ते एकाही आकृतीवर उतरले नव्हते.

ते आळंदीला गेले आणि मी भिंग घेऊन बसलो. त्रेसष्ट माणसे, एकशे सव्वीस पाय. त्यांतले अठरा पाण्यात असल्यामुळे सुटले. घोट्यापर्यंत पातळ तपकिरी रंगाचा हात, वर ओल्या मातीचे शिंतोडे, धोतराच्या काठाला चिखलाची किनार, टाचांना फिकट रेघा. उजवा हात अलीकडे थोडा थरथरतो. भेगांना ते सोयीचेच पडले. हैबतबाबांची पाठ आपल्याकडे, म्हणून त्यांच्या टाचा सर्वांत जास्त दिसतात. त्यांना चार दिवस लागले.

शेवटी एक चौसष्टावी आकृती केली. उंबराखाली बसलेला, पागोटे घातलेला एक दुकानदार, मांडीवर दुसऱ्याचा पाय, शेजारी मातीची बुटकुली. नातवाने लगेच विचारले, "याला आधार काय?" मी त्याला सांगितले की या नोंदीला व्हाउचर नाही, मॅनेजरच्या सहीने केली आहे.

आषाढी करून ते गृहस्थ परत आले, प्रसादाचे चुरमुरे घेऊन. मी भिंग त्यांच्या हातात दिले. या खेपेस त्यांनी आणखी जास्त वेळ पाहिले. मग पालखीच्या डाव्या अंगाला बोट दाखवून म्हणाले, "ह्यो तिसरा. ह्येला काठी द्या, साहेब. लंगडतोय त्यो."

काठी अजून करायची आहे.