बोल्ट आवळला म्हणजे चाक बसलं असं नव्हे

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या टायरच्या दुकानांत जुने अलॉय बसवायला गेलात तर दोन ठाम मतं ऐकायला मिळतात. कारागीर म्हणतो, ‘दोन मिलिमीटरनं काय होतंय? गननं आवळून देतो.’ गाडीचा शौकीन म्हणतो, ‘पीसीडी जुळत नाही ना? मग विषयच संपला.’ मला दोन्ही मतं अमान्य आहेत. पहिलं जीवघेणं आहे आणि दुसऱ्यात मोजमापाचा कंटाळा आहे.

उदाहरण आपल्या रांजणगावच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट पुंटो-लिनियाचं घ्या. 2009 साली आलेल्या या गाड्या बेंगळुरूत नोकरीला आलेल्या पुणेकरांच्या दारात अजूनही दिसतात. त्यांचं हब 4×98 चं, म्हणजे चार बोल्टांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास (पीसीडी) 98 मिलिमीटर. बाजारात मात्र छोट्या मारुती, ह्युंदाई, होंडांमुळे 4×100 चाच सुळसुळाट.

आता 4×100 चं चाक फियाटला लावून पाहा. पहिला बोल्ट पूर्ण आवळला की त्याचा शंकू चाकाला एक मिलिमीटर ओढून घेतो. मग समोरचा बोल्ट दोन मिलिमीटर चुकतो. गन तोही आत घालते, पण त्याचा शंकू बैठकीला एकाच बाजूनं टेकतो आणि बोल्ट वाकतो. चाक काढलं की भोकाच्या कडेला चंद्रकोरीसारखा घासलेला डाग दिसतो. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर स्टिअरिंग थरथरू लागलं की मालक बॅलन्सिंग करून घेतो. यंत्र शून्य दाखवतं, कारण ते चाकाला मधल्या भोकावर धरतं. गाडीवर तेच चाक केंद्राबाहेर फिरत असतं.

‘बोल्ट दणकट आहे, तुटायचा नाही’ हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे. गाडीचा भार बोल्टाच्या दांड्यानं पेलायचा नसतो. 12 मिलिमीटरचा बोल्ट 100 न्यूटन-मीटरनं आवळला की ढोबळ हिशेबानं चार टनांच्या आसपास दाब तयार होतो. चारांचे मिळून सोळा टन. त्या दाबानं चाक हबला चिकटून राहतं आणि भार पेलतो तो दोन पृष्ठभागांमधला घर्षणाचा जोर. शंकू अर्धवट टेकला तर दाब टिकत नाही, बोल्ट सैल होतो आणि प्रत्येक खड्ड्यात वाकत-सुटत थकतो. तुटण्याची पाळी त्यानंतर येते.

कानशीनं भोकं लांबवणं तर मी गुन्हाच मानतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत अलॉयची थकव्याची चाचणी होते ती शाबूत भोकांच्या चाकावर. कानस लागली की त्या चाचणीचा आधार गेला.

पण म्हणून 4×100 चं चाक फियाटला बसूच शकत नाही, हेही खोटं. व्हॉबल बोल्ट याच कामासाठी असतो. त्याचा शंकू सुटा असतो आणि बाजूला थोडा सरकतो, त्यामुळे एका मिलिमीटरचा फरक गिळून तो बैठकीत पूर्ण बसतो. अट एवढीच की शंकूचा कोन चाकाच्या बैठकीशी जुळला पाहिजे आणि बोल्टचे आटे व लांबी हबशी. शिवाय फियाटच्या हबचा मधला उंचवटा 58.1 मिलिमीटरचा. बाजारातल्या चाकाचं मधलं भोक मोठं असेल तर मापाची रिंग घालायलाच हवी, कारण व्हॉबल बोल्ट चाकाला केंद्रात आणत नाही, ते काम रिंगेचं.

पोलोच्या 5×100 वर 5×112 चं चाक हवं असेल तर मात्र व्हॉबल बोल्ट विसरा, तिथं चांगल्या दर्जाचा अ‍ॅडॅप्टरच लागतो. तो स्वतःच्या जाडीइतकं चाक बाहेर ढकलतो. त्या हिशेबानं जास्त ऑफसेटचं चाक मिळत नसेल, तर टायर फेंडरला घासेल आणि बेअरिंगवर ताण येईल. मग तो नाद सोडून मापाचंच चाक शोधावं.

काहीही बसवा, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनंच हवं. दुकानात तो नसेल तर दुसरं दुकान गाठा. पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासणी हवी. पुण्याला निघाला असाल तर तुमकूरला चहासाठी थांबा, चाकं गार होऊ द्या आणि सगळे बोल्ट एकदा रेंचनं तपासून मगच चित्रदुर्गाकडे निघा.