नाइस म्हणजे नक्की काय?

दिवाळीच्या आदल्या रविवारी आमच्या घरी चकलीचा पहिला घाणा निघाला. पहिल्या घाण्याची चव घेण्याचा मान आमच्याकडे घरातल्या सर्वांत लहान माणसाचा, म्हणजे माझ्या मुलीचा. ती सातवीत आहे आणि इंग्रजी शाळेत जाते. तिने चकली मोडली, तुकडा तोंडात टाकला आणि पुस्तकातून डोके वर न काढताच निकाल दिला, "नाइस!"

माझी आई झारा हातात धरून वाट पाहत उभी होती. ती म्हणाली, "नाइस म्हणजे काय गं? कुरकुरीत झालीय की मऊ पडलीय? मोहन कमी झालंय का? मला पुढचा घाणा टाकायचाय!"

"म्हणजे छान, आजी."

"छान तर तू कालच्या कारल्यालाही म्हणालीस."

वाचकहो, या सदरात वर्षभर आपण मराठी शब्दांची कुळे धुंडाळली. दिवाळीचा सण आहे, पाहुण्याला बोलवावे, म्हणून आज एका इंग्रजी विशेषणाला पाटावर बसवतो. या पाहुण्याला आपण सारे ओळखतो. तो सातवीच्या निबंधात असतो, लग्नाच्या स्वागतसमारंभात असतो, आणि खोबऱ्याच्या वासाच्या त्या साखर पेरलेल्या बिस्किटावर तर तो नाव कोरून बसलेला असतो. पण त्याची कुळकथा फारशी कुणी विचारत नाही. विचारली तर पाहुणा जरा ओशाळेल.

कारण हा सभ्य गृहस्थ मूळचा ठार अडाणी. लॅटिन भाषेत 'स्किरे' म्हणजे जाणणे. त्याला नकार जोडून 'नेस्कियुस' हा शब्द झाला. अर्थ, काही न जाणणारा. तोच जुन्या फ्रेंचमध्ये झिजून 'नीस' झाला आणि सुमारे 1300 साली इंग्रजीत आला तो 'मूर्ख' या अर्थाने. म्हणजे त्या काळी इंग्लंडात कुणी तुम्हांला नाइस म्हटले असते, तर आभार मानण्याऐवजी बाह्या सरसावण्याची वेळ होती. गंमत अशी की त्याच 'स्किरे' धातूपासून 'सायन्स' हा शब्दही आला. एकाच घरातले दोघे. एकाने शास्त्राचे नाव काढले, दुसरा बिस्किटावर बसला. (फ्रान्समधल्या नीस शहराचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. त्या नावाचे मूळ ग्रीक आहे आणि ते विजयाशी निगडित आहे.)

पुढे या शब्दाने एवढी वळणे घेतली की कोशकारही दमले. मूर्खाचा तो छचोर झाला. छचोराचा नखरेल, मग खाण्यापिण्यात चोखंदळ, आणि चोखंदळपणातून काटेकोर, बारीकसारीक पाहणारा. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश 1884 पासून भागाभागांनी निघू लागला आणि 1928 मध्ये पुरा झाला. त्याच्या संपादकांनीही कबूल केले आहे की सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या पुष्कळ वाक्यांत लेखकाला नेमका कोणता अर्थ हवा होता हे सांगणे कठीण आहे. 'छान, सुखकारक' हा आजचा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. आणि रूढ झाल्यावर पन्नासेक वर्षांतच त्याची टिंगलही सुरू झाली! जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर अ‍ॅबी' ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, 1817 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तिच्यातली नायिका एका पुस्तकाला अगदी नाइस म्हणते, तेव्हा नायक तिला साळसूदपणे म्हणतो की नाइस म्हणजे नीटनेटके ना, मग ते बांधणीवर अवलंबून आहे! आमच्या आईने ती कादंबरी वाचलेली नाही. पण चकलीच्या बाबतीत तिची तक्रार तीच होती.

मूर्खाचा असा मोहक झालेला पाहून हसू येते खरे. पण आपल्याकडे काय वेगळे झाले? संस्कृतातला 'मुह्' हा धातू घ्या. अर्थ, गोंधळणे, भान हरपणे. त्याची दोन रूपे झाली, 'मूढ' आणि 'मुग्ध'. दोघे सख्खे भाऊ. मूढ बिचारा होता तिथेच राहिला. मुग्ध मात्र गोंधळलेला, भोळा, निरागस, मग मनोहर असे जिने चढत गेला. साहित्यशास्त्रात त्याने नायिका पटकावली, आणि आज आपण हौसेने मुलीचे नाव मुग्धा ठेवतो. 'मूढा' असे नाव ठेवलेले माझ्या ऐकिवात नाही.

असो. शिकणाऱ्याला कुळकथेपेक्षा वापर महत्त्वाचा. 'नाइस' माणसाबद्दल आला की बहुधा त्याच्या वागण्याबद्दल असतो, रूपाबद्दलच असेल असे नाही. 'शी वॉज नाइस टु मी' म्हणजे ती माझ्याशी चांगली, गोड वागली. 'नाइस अँड वॉर्म' असे आले तर 'छान आणि गरम' असे दोन तुकडे करू नयेत. ते आपले 'छान ऊबदार'. रागाने 'अ नाइस मेस' म्हटले तर ते 'छान दिवे लावलेस' या चालीचे. इथे भाषांतराला डोके खाजवावे लागत नाही, कारण टोमणे मारण्यात आपण कुणाला हार जाणारे नाही. पण 'दॅट वॉज नॉट व्हेरी नाइस' याने आपली माणसे हटकून फसतात. शब्दशः ते 'फारसे छान नव्हते' असे सौम्य वाटते. प्रत्यक्षात समोरचा चांगला दुखावलेला असतो आणि 'हे शोभले नाही तुम्हांला' असे सुनावत असतो.

आणि आता ज्या अर्थासाठी हा लेख लिहायला घेतला, तो. काटेकोरपणाचा तो जुना अर्थ अजून मेलेला नाही. 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान फरक नव्हे. सूक्ष्म, बारीक फरक. 'नाइस पॉइंट' हा कायद्याच्या भाषेत अवघड, नाजूक मुद्दा असू शकतो. 'नाइसटी' म्हणजे बारकावा. हे मला कसे कळले ते सांगतो.

2001 साली मी एम.ए.च्या वर्गात होतो. भाषाशास्त्राच्या तासासाठी मी एक निबंध लिहिला. विषय, 'बरा' आणि 'चांगला' यांतला भेद. विषयाने मी झपाटून गेलो होतो. 'मुलगा बरा आहे' यात चांगलेपणाला कात्री लागते, पण 'आता बरा आहे' यात आजारी माणूस पूर्ण सुधारतो; घाटावर 'बरा' म्हणजे चालण्यासारखा, तर गोव्यात 'देव बरें करूं' म्हणतात तेव्हा देवाने चालण्यासारखे करावे असे कुणाच्या मनात नसते. असे करता करता मी सात भेद काढले. आमचे प्राध्यापक जुन्या वळणाचे. मराठी शिकवायचे आणि शेरे इंग्रजीत लिहायचे. शेवटच्या पानावर त्यांनी तांबड्या शाईने लिहिले होते, 'टू नाइस अ डिस्टिंक्शन'.

मी तो कागद घेऊन गावी गेलो. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. त्यांचे इंग्रजी छापील फॉर्मांवरून शिकलेले, पण जेवढे होते तेवढे पक्के. त्यांनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला.

"नाइस म्हणजे छान. डिस्टिंक्शन म्हणजे विशेष प्रावीण्य ना रे?"

"इथे भेद असा अर्थ आहे, बाबा. छान भेद दाखवलेस, असं म्हणतायत सर."

"मग हे 'टू' कशाला? आमच्याकडे पार्सल 'टू हेवी' असलं की ते आम्ही परत करतो."

"अहो, टू म्हणजे फार. फारच छान!" मी जरा तोऱ्यातच म्हणालो. एम.ए. मी होतो.

आईने देवापुढे साखर ठेवली. वडिलांनी तो कागद शेजारच्या काकांना दाखवला, ऑफिसात नेला, आणि मग आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका इंग्रजी पुस्तकात तोच शब्दप्रयोग समोर आला. संदर्भ असा होता की 'छान' तिथे बसेना. कोश उघडला, आणि भर ग्रंथालयात माझे कान गरम झाले. सरांनी लिहिले होते ते असे, 'भेद गरजेपेक्षा जास्त बारीक केला आहेस.' म्हणजे केसाची साल काढली आहेस. आणि 'टू'चा अर्थ पार्सल ऑफिसातल्या कारकुनाने बरोबर लावला होता: मर्यादेबाहेर, म्हणून परत.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो तो हे सांगायचे ठरवूनच. ओसरीवर वडिलांचे एक जुने स्नेही बसले होते आणि मध्ये पेटी उघडी होती. मी चप्पल काढून आत गेलो, आणि चहा सांगितला. नंतरही सांगायचे राहिले. असे 'नंतर' पुष्कळ आले. 2014 साली वडील गेले.

परवा चकल्यांच्या डब्यासाठी माळा आवरताना ती पेटी खाली आली. मुलीने कागद काढला आणि शेरा वाचून मोठ्याने विचारले, "बाबा, टू नाइस? म्हणजे तुम्हांला सर ओरडले होते?" सातवीतल्या मुलीला जे एका क्षणात दिसले ते मला एम.ए.ला दिसले नव्हते. मी तिला सगळी हकीकत सांगितली. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती काही बोलली नाही.

मग मुलीने कागद उजेडात धरला. तांबड्या शाईच्या खाली पेन्सिलीने, वडिलांच्या पार्सलाच्या पावतीवर असायच्या तशा सुबक अक्षरांत, मराठी अर्थ लिहिलेला होता: 'फारच छान'. शेजारी तारीख, आणि त्यापुढे एक छोटे प्रश्नचिन्ह.

खोडरबर मुलीच्या कंपासपेटीत होते. मी कागदाची घडी घातली आणि पेटी पुन्हा माळ्यावर ठेवली.