नाथषष्ठीची एक रात्र

माझा धाकटा पुतण्या अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत नोकरीस आहे. वयाची चाळिशी उलटल्यावर या गृहस्थानें बँजो नांवाचें तंतुवाद्य हातीं धरलें, आणि गेल्या उन्हाळ्यांत आठवड्याची हक्काची रजा खर्चून तो डोंगरांतील एका संगीत-शिबिरास जाऊन आला. यंदा फाल्गुनांत दूरध्वनीवरून बोलतां बोलतां त्याची हकीकत निघाली. दिवसा धडे, रात्रीं जेवणें आटोपलीं कीं झाडाखालीं, पडवींत, तंबूच्या दारांत, जागा मिळेल तेथें पांचसात जणांनीं कोंडाळें करून बसावयाचें, आणि दोनतीन वाजेपर्यंत वाजवीत राहावयाचें. "काका, खरें शिकणें रात्रींच झालें," असें तो म्हणाला. मीं विचारलें, "म्हणजे जागरणासाठीं पैसे भरलेस?" तो नुसता हंसला.

या संगीतास ब्लूग्रास म्हणतात. नांव ऐकून प्रकार पुरातन वाटतो. पण तो तसा नाहीं. कंटकी संस्थानास तेथील एका गवतावरून तें टोपणनांव पडलें आहे. त्या प्रांतींच्या बिल मन्रो या मँडोलिनवादकानें १९३९ सालीं आपल्या ताफ्यास 'ब्लू ग्रास बॉईज' असें नांव दिलें, आणि १९४५ सालीं अर्ल स्क्रग्ज हा तीन बोटांनीं बँजो छेडणारा तरुण त्यांत आल्यावर या संगीतास आजचें रूप आलें. फिडल स्कॉटलंड-आयर्लंडकडील वसाहतवाल्यांची. बँजोचा पूर्वज मात्र आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनीं स्मृतींतून तेथें पुन्हा घडविलेला. मूळच्या रीतींत ढोल-तबला मुळींच नाहीं. मँडोलिनच्या तारांवर मारलेला तुटक आघातच ठेक्याचें काम करतो.

कोंडाळ्याचे नियम पुतण्यानें सांगितले, ते मीं सवयीनें वहींत टिपून घेतले. वाद्य आधीं सुरांत लावून मग बसावें. गीत सुरू करणाऱ्यानें आपला स्वर सांगावा. प्रत्येकास पाळीनें एक आवर्तन मिळतें. त्या वेळीं इतरांनीं आपला आवाज खालीं घ्यावा. नवख्यानें बाहेरच्या फेरींत बसावें आणि गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे पाहावें. पाळी नको असल्यास मान हलवावी. ती पुढल्याकडे जाते, कोणी कारण विचारीत नाहीं. सूर चुकला तर निभावतें. ठेका मात्र मोडूं नये.

सौ. माजघरांतून हें ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, पुढल्या आठवड्यांत षष्ठी आहे. पैठण आपल्यापासून पन्नास किलोमीटर. आणि आजवर तुम्ही एक रात्र तेथें राहिलां नाहीं."

तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. पण तें मला लागलें. कां लागलें, तें सांगितल्यावांचून पुढची गोष्ट सांगतां येणार नाहीं.

मी जन्मभर संस्कृत शिकविलें. तांबड्या शाईची दौत माझ्या मेजावर कधीं कोरडी पडली नाहीं. शिवाय आमच्या छत्रपति संभाजीनगरापासून घटकाभराच्या वाटेवर देवगिरीचा किल्ला. तेथेंच सिंघण यादवाच्या पदरीं असतां शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' रचला, याचा मला स्थानिक अभिमान. त्या ग्रंथांत निंद्य गायकांचे पंचवीस प्रकार गणले आहेत. ते मला मुखोद्गत होते, आणि घरांत कोणी गुणगुणूं लागलें कीं त्यांतला एखादा मी त्यास चिकटवीत असें. मी स्वतः मात्र कधींच गात नसें.

सौ.चें माहेर गोदाकाठचें. गौळणी-भारुडें तिच्या कानांत लहानपणापासून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ती तांदूळ निवडतां निवडतां एक गौळण म्हणे, आणि तींत 'वृंदावन' या शब्दाचें 'विंद्रावन' करी. एके सायंकाळीं, घरांत पाहुणे असतांना, मीं तो शब्द तीन वेळां तिच्याकडून शुद्ध म्हणवून घेतला. पाहुणे हंसले. मीही हंसलों. तिनें सूप उचललें आणि ती आंत गेली. त्यानंतर तिचें गाणें घरांत ऐकूं आलें नाहीं. तें गल्लींतल्या देवळांतील महिला भजनी मंडळांत गेलें. ही गोष्ट माझ्या ध्यानांत येण्यास किती वर्षें लागलीं, तें सांगण्याची मला लाज वाटते.

षष्ठीस आम्ही दोघें एस.टी.नें पैठणास गेलों. फाल्गुन वद्य षष्ठी ही एकनाथमहाराजांची पुण्यतिथि. १५९९ सालीं याच तिथीस त्यांनीं गोदावरींत देह ठेविला. त्यांचे गुरु जनार्दनस्वामी, जे देवगिरीचे किल्लेदार होते, त्यांच्या चरित्रांतील प्रसंगही परंपरा याच तिथीशीं जोडते. गांवोगांवच्या दिंड्या येथें येतात आणि अष्टमीस काला होऊन उत्सव संपतो. सौ.च्या माहेरची दिंडी दरसाल नदीच्या बाजूस एका ठरल्या जागीं उतरते. राहुटीखालीं सतरंज्या, मागें भाकऱ्यांच्या चुली, आणि खांबास टांगलेल्या पिशव्यांवर प्रत्येकाचें नांव.

रात्रीं अकराच्या सुमारास कीर्तन संपलें, आणि मला वाटलें, आतां मंडळी निजतील. तों दिंडीकऱ्यांनीं समोरासमोर दोन रांगा धरल्या, मध्यें पखवाज आला, आणि वीणेकरी उभा राहिला. ही वीणा भुईवर ठेवीत नाहींत. एकाचे पाय दुखले कीं दुसरा त्याच्या पायां पडून ती आपल्या गळ्यांत घेतो. जागर सुरू झाला. एकानें अभंगाची चाल धरावी, बाकीच्यांनीं ध्रुपद उचलावें. तो थांबला कीं पलीकडच्या रांगेंतल्यानें पुढलें कडवें घ्यावें. कोण केव्हां घेणार, हें नजरेनें ठरे. चोपदाराची काठी वर गेली कीं शेंदीडशें टाळ एकदम मुके होत. पुतण्याचे नियम माझ्या खिशांतल्या वहींत होते. ती वही काढण्याचें कारणच पडलें नाहीं.

एका वयस्क शेतकऱ्यानें माझ्या हातांत टाळ दिले. भजनी ठेका आठ मात्रांचा, हें मला ठाऊक होतें. मी मनांत मोजूं लागलों, आणि प्रत्येक समेस माझा टाळ अर्धी मात्रा उशिरां वाजूं लागला. पखवाजवाला पोरगेला इसम. त्यानें एकदां माझ्याकडे पाहिलें, पण कपाळास आठी घातली नाहीं. म्हातारा माझ्या कानाशीं वांकून म्हणाला, "मास्तर, मोजू नका. पखवाजाकडं बघा, अन् शेजारच्याच्या हाताकडं." सात समुद्रांपलीकडे गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे पाहावयास सांगतात, तीच ही शिकवण. अर्ध्या तासानें टाळ ठेक्यांत पडूं लागला. माझ्या हें लक्षांत आलें, आणि लगेच तो पुन्हा चुकला.

मध्यरात्र उलटल्यावर गौळणींस आरंभ झाला. बायकांच्या बाजूनें कोणी तरी सौ.कडे पाहून मान हलविली, आणि तिनें चाल घेतली. तीच गौळण. तिचा आवाज आतां थोडा खरबरीत झाला आहे. पण वर जातांना तो कोठें अडखळला नाहीं. तो शब्द आला. ती 'विंद्रावन' म्हणाली, आणि साऱ्या राहुटीनें तें ध्रुपदांत तसेंच उचललें. त्या शब्दांतील जोडाक्षरावर पखवाजाची थाप अशी नेमकी पडली कीं शुद्ध उच्चारास तेथें जागाच उरली नसती. मींही तो तसाच म्हटला. तिनें माझ्याकडे पाहिलें नाहीं.

पुढें चाल माझ्याकडे आली. मीं हात जोडले. ती पुढल्याकडे गेली. कोणी कांहीं बोललें नाहीं. 'रत्नाकरां'तील पंचविसांत एक 'भीत' आहे आणि एक 'शंकित' आहे. बाकीचे तेवीस मीं दुसऱ्यांस वांटले होते. हे दोन जन्मभर स्वतःपाशीं राखले, हें मला त्या रात्रीं कळलें.

पहाटे काकड्याच्या आधीं चाल पुन्हा फिरून आली. या वेळीं मीं लहानपणीं आईनें शिकविलेला एक अभंग धरला. पहिलें चरण फारच खालच्या सुरांत गेलें. वीणेकऱ्यानें तार छेडून आपला सूर दाखविला, रांगेनें ध्रुपद त्या सुरांत उचललें, आणि दुसऱ्या चरणास मी त्यांच्याबरोबर होतों. चांगलें गायिलों असें कोणी म्हणणार नाहीं. पण अभंग पुरा झाला.

परतींच्या वाटेवर मनांत एकच विचार घोळत होता. आम्ही पंतोजी मंडळी एकनाथांचें नांव घेतों तें ज्ञानेश्वरीच्या शुद्धीसाठीं. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, त्यांनीं निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, आणि यांत कोणी आपली ओंवी घुसडूं नये, अशी ताकीद दिली. माझ्या तांबड्या शाईस मी त्यांचाच आधार सांगत असें. पण त्याच हातानें वाघ्या, जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या बोलींत भारुडें लिहिलीं. शुद्धाशुद्ध त्यांच्याइतकें कोणास कळत होतें? पोथी आणि जागर हीं दोन ठिकाणें आहेत, हें त्यांस ठाऊक होतें. मीं पोथीची शाई जागरांत नेली.

याचा अर्थ जागरांत मोकाट सुटावें असा नव्हे. तेथें शिस्त आहेच. ती माझ्या वर्गांतल्याहून कडक होती. ठेका मोडूं नये, दुसऱ्याच्या पाळींत घुसूं नये, सुरांत यावें. परंतु ती शिस्त बसलेल्यास लागते; बसण्याआधीं कोणाची परीक्षा होत नाहीं. आमच्या घरांत नेमकें उलटें चाललें होतें. नात संगीताची प्रवेशिका परीक्षा उत्तीर्ण आहे; पण ती दार लावून गाते. तिचा बाप स्नानगृहांत गातो. धाकटी सून, मी घरांत नसतांना गाते, असें नुकतेंच कळलें. एका छपराखालीं आठ माणसें, आणि प्रत्येकाचें गाणें वेगळ्या कुलपांत. कुलपें कोणीं घातलीं, हें मीं वर सांगितलेंच आहे.

षष्ठीनंतर पांचव्या दिवशीं एकादशी आली. पंचांगांत तिचें नांव पापमोचनी; यावर सौ. थोडी हंसली. रात्रीं फराळानंतर सगळ्यांस बैठकीच्या खोलींत बसविलें. टाळांचे दोन जोड पैठणाहून आणले होते. मीं एकच नियम सांगितला: उठेपर्यंत कोणीं कोणास दुरुस्त करावयाचें नाहीं, जें काय सांगावयाचें तें उद्यां. मुलानें विचारलें, "बाबा, हा नियम तुम्हांलाही?" मीं म्हटलें, "मलाच."

सौ.नें गौळण धरली. तो शब्द आल्याबरोबर नातीनें चटकन् माझ्याकडे पाहिलें. मी माझ्या हातांतले टाळ सांभाळीत तिच्या आजीच्या हातांकडे पाहत होतों.