प्लांटर चांगलाच आहे, घाई वाईट आहे



मक्याची पेरणी जवळ आली की फोन सुरू होतात, "दादा, तिफणीनं पेरू का न्यूमॅटिक प्लांटरनं?" माझं उत्तर ठरलेलं आहे, प्लांटरनंच. टोकणीला बाया मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी सगळ्या गावाला वाफसा एकाच दिवशी येतो. पण प्लांटर भाड्यानं सांगितला आणि आपण बांधावर चहा पीत बसलो, तर नुकसान तिफणीपेक्षा जास्त होतं. हे मी तीन एकर देऊन शिकलोय.

आमच्या सिल्लोड भागात मका म्हणजे घरखर्चाचं पीक. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा चार ओळींचा प्लांटर बोलावला. आभाळ भरलेलं, ड्रायव्हरच्या मागं अजून पाच जण नंबर लावून उभे. तीन एकर बघता बघता उरकलं. मी खूश.

विसाव्या दिवशी वावरात गेलो तर दोन ओळी खुज्या, पानं जांभळट. पुढच्या सहा ओळी हिरव्यागार. परत दोन जांभळट, परत सहा हिरव्या. सगळ्या वावरभर असंच. रोग असा ओळी मोजून येत नाही. घरी वहीवर रेघा ओढल्या तेव्हा कळलं. प्लांटर जाऊन वळून येतो तेव्हा त्याची एका कडेची ओळ स्वतःच्याच शेजारी येते. म्हणजे कडेची एक खताची नळी तुंबलेली होती, आणि त्या ओळींना डीएपीचा दाणा मिळाला नव्हता. जांभळं पान म्हणजे स्फुरदाची ओरड.

नळी का तुंबली? चूक माझीच. एक फेरी वाचवायची म्हणून मी डीएपीत युरिया मिसळला होता. दमट हवेत त्याचा चिखल होतो. शिवाय युरिया बियाण्याजवळ पडला तर कोंब जळतो, ते वेगळंच. युरिया नंतर हप्त्यानंच द्यावा.

बियाण्याचं मात्र घाईनंच झालं. या यंत्रात पंखा हवा ओढतो, त्या ओढीनं चकतीच्या भोकाला एकेक दाणा चिकटतो आणि खाली आला की सुटतो. पंखा ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालतो. धुऱ्यावर वळताना ड्रायव्हरनं रेस कमी केली की ओढ कमी होते, दाणा भोकाला धरत नाही. उलट वावरात ताशी आठ-नऊ किलोमीटरनं पळवलं तर दाणा उड्या मारतो, कुठं दोन, कुठं एकही नाही. चार-पाचच्या वर जाऊ देऊ नका.

६० बाय २० सेंटीमीटरवर एकरात जवळपास ३३,७०० झाडं बसतात. पाच मीटर ओळीत २५ पाहिजेत. माझ्याकडं कुठं २१, कुठं २०. शेजारचं कणीस थोडं मोठं होतं म्हणा, पण मका काही कपाशीसारखा फांद्या काढून जागा भरत नाही. गेलेली जागा गेलीच.

आता खताचा हिशोब. हा ड्रायव्हरवर सोडू नका. खरीप मक्याला हेक्टरी १२०:६०:४० धरलं तर एकरी स्फुरद २४ किलो, म्हणजे डीएपीची एक गोणी. चार ओळींचा प्लांटर २.४ मीटर रुंद. ५० मीटर चालवला तर दीड किलो खत पडायला पाहिजे, नळीमागं ३७० ग्रॅमच्या आसपास. चारी नळ्यांना पिशव्या बांधा, ५० मीटर चालवा, काट्यावर तोला. एका पिशवीत कमी भरलं तर पेरायच्या आधीच कळतं. अर्धा तास जातो फक्त. मग थोडं उकरून बघा, खत बियाण्याच्या बाजूला आणि खाली दोनेक इंच पडतंय का. बियाण्याला चिकटून पडत असेल तर फण सरकवायला लावा.

ड्रायव्हरला मी दोष देत नाही. त्याला पैसे एकरावर मिळतात, मग तो पळवणारच. म्हणून माझं मत असं की प्लांटरचं भाडं तासावर ठरवावं. मी गेल्या साली तसंच केलं. गडी आधी तयार होईना, "काका, असं कुणी देत नाही" म्हणाला. एकरी हिशोबापेक्षा थोडे जास्त गेले, पण पाच मीटरात २४-२५ झाडं मोजली.

आणि अधिकारी मंडळींना एक विनंती. अनुदानावर प्लांटर देता ते चांगलंच आहे. पण शिवारफेरीत फीत कापून फोटो काढण्याऐवजी एकदा पिशव्या बांधून खत तोलून दाखवा की. जीपीएस, स्क्रीन नंतर बघू. आमच्याकडं अजून चकती कोणत्या दाण्याला कोणती लावायची हेच कुणी सांगत नाही. चपटा दाणा आणि गोल दाणा एकाच चकतीवर सारखा बसत नाही, बॅग बदलली की बघावं लागतं.

यंदा तोच गडी येणार आहे. पाच मीटरची दोरी आणि काटा मी आत्ताच काढून ठेवलाय.