थार परत आली, जीप कुठंय?

हल्ली ऑफिसात कोणाला प्रमोशन मिळालं की पहिला फोन थारच्या शोरूमला जातो. जाऊ दे की. पैसा तुमचा, ईएमआय तुमचा. माझं भांडण फक्त एका वाक्याशी आहे, "आपली जुनी जीप परत आली!" मंडळी, कुठली जीप? कोणाची?

जरा इतिहास बघू. १९४९ साली महिंद्राने मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून विलिस जीप बनवायला सुरुवात केली. लढाईसाठी जन्मलेली ही गाडी आपल्याकडे लष्कर, पोलीस, फॉरेस्टवाले असं करत करत खेड्यात उतरली. नव्वदच्या दशकात लांब चॅसीची कमांडर आमच्या खानदेशात काळीपिवळी झाली. धुळे-साक्री घ्या, शिरपूर, चोपडा, यावल घ्या... एस.टी. चुकली की जीप. मागे समोरासमोर दोन बाक, पायाशी कोंबड्या, टपावर पोती. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही आणि "भरली" म्हणजे किती, हे फक्त ड्रायव्हरला ठाऊक! सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून बाजाराला, कॉलेजला, दवाखान्याला माणसं नेली ती हिनेच.

ती सुरक्षित होती असं मी अजिबात म्हणत नाहीये. मागच्या पायरीवर लटकणारी पोरं आठवली की आजही पोटात गोळा येतो. पण काम ती करत होती.

आता पुनर्जन्म. २०१० साली थार आली तेव्हा मागचे समोरासमोरचे बाक शाबूत होते. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली, बनते आपल्या नाशकातच. सर्वात स्वस्त मॉडेल ९.८० लाखांचं, एक्स-शोरूम. त्यात सहा सीटा होत्या, बाकासकट. ते मॉडेल लवकरच बंद झालं, उरली चार सीटांची. २०२४ मध्ये लांबलचक, पाच दारांची रॉक्स आली. सीटा? पाच!

गंमत म्हणजे २०२३ मध्ये टू-व्हील ड्राइव्ह थार आली तेव्हा आपले शौकीन खवळले, "ही कसली जीप?" अहो, आमच्याकडच्या कित्येक काळ्यापिवळ्या टू-व्हील ड्राइव्हच होत्या. जीपचा जीव गिअरच्या जादा दांडक्यात नव्हता, मागच्या बाकावर होता. तो काढला तेव्हा मात्र कोणी हूं की चूं केलं नाही.

कोणी म्हणेल, आडवे बाक धोक्याचे. एकदम मान्य. मग पुढे तोंड केलेल्या, बेल्टवाल्या आठ सीटा बसवा ना! एवढी इंजिनिअरिंग आपल्याला जमत नाही का? जमते. पण पाड्यावरचं गिऱ्हाईक ब्रोशरमध्ये शोभत नाही.

खरी वारसदार बोलेरो आहे. २००० सालापासून सात माणसं घेऊन खडीच्या रस्त्यावर गपगुमान पळतेय. तिच्यासाठी कोणी रील बनवत नाही.

असो. थार जरूर घ्या, लोणावळ्याला जा, चिखल उडवा. मस्त खेळणं आहे. फक्त तिला वारसा म्हणू नका. वारसा सांगायचा तर मागे माणसं बसवावी लागतात.