वाऱ्याच्या मुलुखातील सहधाव

मॅरेथॉनची पूर्वतयारी म्हणजे एकट्याने करावयाचा हठयोग, असा जो समज नेदरलँड्समधील आपल्या नोकरदार मराठी मंडळींत आढळतो, त्याचे निराकरण अ‍ॅमस्टेल नदीकाठच्या सपाट रस्त्यावर एखाद्या रविवारी सकाळी आपोआप होते. येथे चढाव नाहीत; त्यांची उणीव वारा भरून काढतो. तो समोरून येऊ लागला की जाणते धावपटू न सांगता पुढे सरतात, नवख्यास पाठीशी घेतात, आघाडीची जागा आळीपाळीने बदलतात, आणि त्या आडोशात त्याचा श्वास पुन्हा बोलण्याइतका सुटा होतो. लांब पल्ल्याच्या सरावात धावता धावता बोलता येणे हेच योग्य वेगाचे प्रमाण होय.

म्हणूनच संघाने वेग मुकरर करताना सर्वांत मंद सभासदाची चाल आधारभूत धरावी, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे. त्यास मागे टाकून जाणारा संघ नावापुरताच संघ.

अ‍ॅमस्टेलव्हेनच्या आपल्या कुटुंबांना अ‍ॅमस्टरडॅमसे बोस हे १९३० च्या दशकात बेरोजगारांच्या श्रमांतून निर्माण झालेले विस्तीर्ण वन दाराशीच लाभले आहे. १९२८ च्या ऑलिंपिकचे स्टेडियम, जेथे शहराची मॅरेथॉन समाप्त होते, तेही दूर नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली शेजारच्या अँटवर्पमध्ये ऑलिंपिक मॅरेथॉन धावले होते, तेव्हा हा पल्ला आपणांस सर्वस्वी परका नव्हे. ऑक्टोबरमधील शर्यतीसाठी आमच्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या तयारीबरोबरच रविवारच्या सामूहिक धावेचीही तजवीज करावी.