तुरीला ‘मर’ लागते म्हणजे नेमकं काय होतं?

लातूरच्या डाळ मिलमधली तूरडाळ लांबलांबच्या बाजारात जाते, हे तुम्हाला माहीत असेलच. पण मेसच्या वरणापर्यंत न पोहोचणाऱ्या तुरीचं काय? फुलं येतात, शेंगा भरायला लागतात आणि ओळीतलं एखादंच झाड पिवळं पडून उभ्या उभ्या वाळतं. मग त्याच्या शेजारचं. गावाकडे याला ‘मर लागली’ म्हणतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नांदेड-लातूरची शेतं पाण्याखाली गेली. अशा पावसानंतर हा शब्द हमखास कानावर येतो.

यामागचा मुख्य गुन्हेगार फ्युजॅरियम उडम. बटलर नावाच्या शास्त्रज्ञाने बिहारमधल्या पुसा इथे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी या बुरशीचं वर्णन केलं. ती जमिनीत, जुन्या धसकटांवर तीनेक वर्षं सहज तग धरते. मुळातून आत शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये ठाण मांडते. वाळलेल्या झाडाचं खोड उभं चिरून बघा, आत काळपट-तपकिरी रेषा दिसतील. जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरतं.

पण झाड गप्प का बसतं? खरं तर बसत नाही. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. झाडात कायटिन नसतं, त्यामुळे त्याचा बारीकसा तुकडा जरी आला तरी पेशीच्या पृष्ठभागावरची ग्राही प्रथिनं तो ओळखतात आणि आत धोक्याची घंटा वाजते. नीटची तयारी केलेल्यांना ‘रिसेप्टर’ आठवत असेल, तेच हे. आता बुरशीची चाल बघा. २०१० मध्ये टोमॅटोवरच्या एका बुरशीत ईसीपी-६ या प्रथिनाचं काम उलगडलं: ते बाहेर पडून कायटिनचे तुकडे स्वतःच घट्ट पकडून ठेवतं. पुरावाच गायब, मग घंटा वाजणार कशी? त्याच धाटणीची प्रथिनं पुढे अनेक बुरशींमध्ये सापडली. भातावर करपा आणणाऱ्या बुरशीच्या बीजाणूंवर तर हायड्रोफोबिन या पाणी झटकणाऱ्या प्रथिनाचा थर असतो. गुळगुळीत पानावर जम बसवायला तो कामी येतो. सोयाबीनवरचा तांबेरा आणखी धूर्त. तो पेशी मारत नाही, जिवंत पेशीत नळी खुपसून खात राहतो. जेवण देणारा यजमान मेला तर त्याचीही उपासमार.

हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे, शेताशी काय संबंध, असं वाटत असेल तर इथे थांबा. पाणी साचलेल्या शेतात कोवळी तूर पटापट मरते, तेव्हा बहुतेक वेळा फ्युजॅरियम नसतं, फायटोफ्थोरा असतो. दिसायला बुरशीसारखा, पण खरी बुरशी नाहीच. त्याच्या भित्तिकेत मुख्यतः कायटिन नसून सेल्युलोजसारखे पदार्थ असतात. आणि फ्युजॅरियमसाठी बियाण्याला चोळतात ते कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालत नाही. गावात दोन्हींना नाव एकच, ‘मर’. दुकानातून मिळणारा डबाही अनेकदा एकच. पैसे मात्र शेतकऱ्याचे जातात! शिवाय फ्युजॅरियमने वाळायला लागलेलं झाड कुठल्याच फवारणीने परत उभं राहत नाही. जे करायचं ते पेरणीच्या आधी: ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आणि बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन-७११, बीएसएमआर-७३६ यांसारखे मर सोसणारे वाण.

आणि ज्वारी. तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतलं तर मर कमी होते, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने १९८० च्या दशकातच दाखवलं. मराठवाड्यात मात्र खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, रोख पैसा त्यातच होता. पण तुरीच्या शेजारचा एक राखणदार त्यात गेला, याची चर्चा फारशी होत नाही.

मग विमा आहे ना? २०२३ च्या खरिपात सुरू झालेला एक रुपयातला पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाच्या धान्य, कडधान्य आणि तेलबियांसाठी शेतकऱ्याने विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता भरायचा आणि भरपाई ठरणार पीक कापणी प्रयोगावरून, म्हणजे साधारण महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावरून. मर मात्र मंडळ बघून येत नाही. ती एका बांधाच्या अलीकडे असते आणि पलीकडे नसते, कारण ती त्या त्या रानातल्या मातीत राहते. तुमच्या घरची दोन एकर तूर पूर्ण गेली आणि बाकी मंडळात पीक बरं आलं, तर कागदावर नुकसान शून्य.